स्वस्त डिस्क रेकॉर्डर घेताना आधी त्याची मागची बाजू बघा

फेब्रुवारी २०२५मध्ये सोनीने रेकॉर्ड करायच्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं. त्याच वेळी मिनीडीव्ही, म्हणजे घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या छोट्या डिजिटल कॅसेटही बंद केल्या. पॅनासॉनिकने त्याच्या दोन वर्षं आधीच ब्लू-रे डिस्क बनवणं सोडलं होतं. व्हीएचएस कॅसेटचे व्हीसीआर शेवटपर्यंत बनवत राहिलेली जपानची फुनाई कंपनी तर जुलै २०१६मध्येच थांबली. एकेक दार असं बंद होत असताना कपाटातल्या कॅसेटचं काय करायचं, हा प्रश्न बऱ्याच घरांत आता पहिल्यांदा गंभीरपणे विचारला जातोय. कुणाच्या लग्नाची कॅसेट असते, कुणाच्या शाळेतल्या नाटकाची, तर एखाद्या कॅसेटमध्ये आज हयात नसलेल्या माणसाचा आवाज असतो.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहाने २०१५मध्येच इशारा दिला होता: ज्या चुंबकीय फिती २०२५पर्यंत डिजिटल होणार नाहीत, त्यातल्या बहुतेक कायमच्या हातातून जातील. त्या वर्षी सगळ्या फिती एकदम पुसल्या जाणार होत्या, असा याचा अर्थ नाही. फीत तर जुनी होतेच, पण ती वाचणारी यंत्रं, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारी माणसंही त्याच वेगाने कमी होतात.

या कामासाठी घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर हा अजूनही सोपा आणि खिशाला झेपणारा मार्ग आहे. संगणक लागत नाही, घरातल्या वडीलधाऱ्यांनाही तो चालवता येतो. पण निवडताना आपण बहुधा चुकीच्या बाजूकडे बघतो. पुढची चकचकीत पट्टी आणि तिच्यावर छापलेली वैशिष्ट्यं बघतो. माझा आग्रह एवढाच, की यंत्र उलटं करून मागची बाजू बघा. सिग्नल आत कुठून येतो आणि आत आल्यावर तो किती नीट धरला जातो, पैसे त्याचे मोजा. बाकीच्या बऱ्याच गोष्टींवर बचत करता येते.

## हे यंत्र नक्की करतं काय?

डिस्क रेकॉर्डरला एक लेखनिक समजा. व्हीसीआर मजकूर सांगतो, लेखनिक ऐकतो आणि वहीत उतरवतो. त्याचे कान चांगले हवेत, वहीला पुरेशी पानं हवीत आणि वही इतरांना वाचता यायला हवी. रेकॉर्डरची निवड या तीन गोष्टींभोवतीच फिरते.

वहीची पानं किती कमी आहेत, हे आकड्यांत पाहिलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं. भारतातल्या टीव्ही-कॅसेटच्या, म्हणजे पाल पद्धतीच्या, चित्रात दिसणाऱ्या ५७६ ओळी असतात, प्रत्येक ओळीत ७२० ठिपके आणि सेकंदाला २५ चित्रं. हे सगळं जसंच्या तसं लिहायचं तर सेकंदाला सुमारे १६६ मेगाबिट माहिती होते. साध्या डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी. म्हणजे चार मिनिटं व्हायच्या आत डिस्क भरून जाईल.

म्हणून रेकॉर्डर माहिती दाबतो. एमपेग-२ नावाच्या पद्धतीने तो एक चित्र पूर्ण लिहितो आणि पुढच्या काही चित्रांसाठी आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच टिपतो. भिंत तीच, खुर्ची तीच, फक्त माणसाचा हात हलला, तर हाताचीच नोंद. दर सेकंदाला अशा नोंदींसाठी किती जागा मिळते, त्याला बिटरेट म्हणतात. एका डिस्कवर दोन तास बसवायचे तर बिटरेट सुमारे ५ मेगाबिट येतो. मूळ माहितीच्या तिसाव्या भागापेक्षाही कमी. तरीही चित्र चांगलं दिसतं, ही त्या पद्धतीची किमया.

## कान: मागच्या बाजूला काय काय असावं?

सगळ्यात साधी जोडणी तीन पिनांची. पिवळी चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. या पिनांसाठी मागे ‘इन’ लिहिलेली भोकं आहेत का, हे आधी पाहा. काही ठिकाणी ती पुढच्या झडपेमागेही असतात, तीही चालतात. युरोपातल्या यंत्रांवर त्याऐवजी २१ पिनांचं रुंद स्कार्ट सॉकेट सापडतं. त्याला लावायचा जोड सिग्नल आत नेणारा आहे की बाहेर आणणारा, हे तपासूनच घ्या.

दुसरी जोडणी एस-व्हिडिओची, गोल आणि चार बारीक पिनांची. पिवळ्या पिनेतून उजेड आणि रंग एकत्र येतात आणि आत गेल्यावर ते वेगळे करावे लागतात. या वेगळं करण्यातच बारीक रेघांवर रंगांची झिलमिल उठते. एस-व्हिडिओत दोन्ही आधीपासून वेगळेच राहतात. तुमच्याकडे हाय-एट कॅमेरा किंवा एस-व्हीएचएस व्हीसीआर असेल, तर या जोडणीसाठी थोडे जास्त पैसे द्या. तुमच्या व्हीसीआरला मुळात पिवळी पिनच असेल, तर त्या पैशांचा काही उपयोग नाही.

मिनीडीव्ही किंवा डिजिटल-एट कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. त्यातल्या कॅसेटवर चित्र आधीच अंकांच्या रूपात आहे, तासाला सुमारे १३ जीबी. रेकॉर्डरला ‘डीव्ही’ लिहिलेलं छोटं सॉकेट असेल तर जोडणी सोपी होते, पण रेकॉर्डर तीच माहिती पुन्हा दाबून दोन-सव्वादोन जीबीवर आणतो. अशा कॅसेट शक्य असेल तर फायरवायर (कॅमेऱ्यातली अंकरूपी माहिती थेट आत घेणारं सॉकेट) असलेल्या संगणकात जशाच्या तशा उतरवून घ्या, असं मी सांगेन. डिस्क रेकॉर्डर हे मुख्यतः व्हीएचएस, व्हिडिओ-एट, हाय-एट यांसारख्या अॅनालॉग फितींसाठी योग्य यंत्र आहे.

बरेच जण एका ठिकाणी हमखास फसतात. रेकॉर्डरच्या मागे एचडीएमआय सॉकेट दिसलं, की त्यातून सेट-टॉप बॉक्स जोडता येईल असं वाटतं. घरगुती डीव्हीडी रेकॉर्डरवरचं ते सॉकेट टीव्हीकडे चित्र पाठवण्यासाठी असतं, आत घेण्यासाठी नसतं. ज्या बॉक्सला फक्त एचडीएमआयच आहे, तो या यंत्राला थेट जोडता येत नाही.

## थरथरणारी फीत सांभाळणारा भाग

फीत ताणली जाते, व्हीसीआरचं फिरतं डोकं झिजतं आणि चित्राची एकेक ओळ किंचित लवकर किंवा किंचित उशिरा पोचू लागते. पडद्यावर उभ्या रेषा लहरताना दिसतात, दाराची चौकट वाकडी होते, चित्राचा वरचा भाग एका बाजूला झुकतो. जुना टीव्ही हे निभावून नेत असे. लेखनिकाला मात्र प्रत्येक शब्द ठरलेल्या ठेक्यात हवा असतो. सांगणारा मध्येच अडखळला आणि मग घाईने बोलला, की लेखनिकाचे शब्द सुटतात.

यावरचा उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर. हा भाग प्रत्येक ओळ क्षणभर आपल्याजवळ थांबवतो आणि बरोबर वेळेला पुढे सोडतो. सुटा घ्यायला गेलं तर तो महाग पडतो. पण काही रेकॉर्डरच्या आतच हे काम करणारी जोडणी असते आणि खोक्यावर त्याचा उल्लेखही नसतो. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि डीएमआर-ईएस१५ हे दोन साधे रेकॉर्डर कॅसेट डिजिटल करणाऱ्या लोकांत याचसाठी ओळखले जातात. त्यांच्यात डिस्क न घालता, नुसता सिग्नल मधून नेला तरी लहरणाऱ्या रेषा बऱ्याच सरळ होतात.

म्हणून एखादं यंत्र घेण्याआधी शक्य असेल तर आपली सगळ्यात वाईट कॅसेट त्यावर लावून बघा. चांगली कॅसेट कुठल्याही यंत्रावर चांगलीच दिसते, तिच्यावरून काही कळत नाही.

## पानं: एका डिस्कवर किती तास?

रेकॉर्डरवर एक्सपी, एसपी, एलपी, ईपी अशी अक्षरं दिसतात. साध्या ४.७ जीबी डिस्कवर एक्सपीत १ तास बसतो, एसपीत २, एलपीत ४ आणि ईपीत ६ किंवा ८. डिस्क तेवढीच, फक्त अक्षर बारीक करत जायचं. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘८ तास’ लिहिलेलं असतं आणि तोच आकडा माणसाला भुलवतो.

इथे एक रास्त शंका येते. कॅसेटचं चित्र मुळातच धूसर असतं, मग त्यासाठी चांगला मोड कशाला वाया घालवायचा? मलाही आधी तसंच वाटायचं. पण जुन्या कॅसेटच्या चित्रात सतत हलणारे बारीक दाणे असतात. ते प्रत्येक चित्रात नव्या जागी असतात. बदल तेवढाच टिपणाऱ्या रेकॉर्डरला वाटतं की संपूर्ण चित्रच हलतंय. तो बिचारा दाण्यांच्या नोंदी करत बसतो आणि चेहऱ्यासाठी जागा उरत नाही. मग गालावर, कपाळावर चौकोनी ठोकळे उमटतात. स्वच्छ चित्रापेक्षा खराब कॅसेटला जागा जास्त लागते, हे उलटं वाटलं तरी खरं आहे.

एलपीत बरेच रेकॉर्डर आडव्या ओळीतले ठिपके ७२०वरून ३५२वर आणतात. व्हीएचएसच्या बाबतीत एवढ्याने फारसं बिघडत नाही, कारण त्या फितीवर मुळातच तेवढा बारकावा नसतो. बिघडतं ते बिटरेट अर्ध्यावर आल्यामुळे. ईपीत आणखी एक नुकसान होतं. टीव्हीचं एक चित्र दोन हप्त्यांत येतं: आधी एकाआड एक ओळी, मग राहिलेल्या. त्यामुळे सेकंदाला ५० हप्ते होतात आणि हालचाल सलग वाटते. ईपीत अनेक यंत्रं एक हप्ता सरळ गाळतात. धावणारं मूल मग झटके देत धावल्यासारखं दिसतं. हे नंतर कशानेही दुरुस्त होत नाही.

माझ्या मते नियम साधा ठेवावा: एका डिस्कवर दोन तास, फार तर अडीच. तीन तासांची कॅसेट दोन डिस्कवर घ्या. कॅसेट दोन तास वीस मिनिटांची असेल, तर मोजून जागा वापरणारा मोड उपयोगी पडतो. वेगवेगळ्या कंपन्या त्याला वेगवेगळी नावं देतात. तुम्ही वेळ सांगायची, बिटरेट तो ठरवतो. ही सोय असलेलं यंत्र मी ‘८ तास’वाल्यापेक्षा आधी उचलेन.

## डिस्कच्या नावातलं अधिक आणि उणे

डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर हे दोन वेगवेगळ्या कंपनीगटांचे प्रकार. दोन्हींवर एकदाच लिहिता येतं. नावात ‘आरडब्ल्यू’ असेल तर ती डिस्क पाटीसारखी, पुसून पुन्हा लिहिता येणारी, साधारण हजार वेळा. डीव्हीडी-रॅमवर तर लाखभर वेळा लिहिता येतं, शिवाय रेकॉर्डिंग चालू असतानाच तोच कार्यक्रम सुरुवातीपासून बघता येतो. पण ती बहुतेक साध्या प्लेअरवर चालत नाही.

घरातलं काम असं करा: सरावासाठी एक आरडब्ल्यू, कायमच्या प्रतीसाठी एकदाच लिहायची डिस्क. नातेवाइकांकडे कुठला प्लेअर असेल सांगता येत नाही, तेव्हा वाटायच्या प्रतींसाठी डीव्हीडी-आर जास्त सुरक्षित. दुहेरी थराच्या ८.५ जीबीच्या डिस्क मोहात पाडतात, पण जुन्या प्लेअरवर त्या जास्त अडतात. त्यांच्याऐवजी दोन साध्या डिस्क बऱ्या.

रेकॉर्डर जुना असेल तर त्याच्या माहितीपुस्तिकेत डिस्कचा कोणता वेग चालतो ते पाहा. नंतरच्या काळात आलेल्या जलद डिस्क काही जुनी यंत्रं ओळखत नाहीत आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो.

## दुसऱ्यांना वाचता यावं म्हणून

रेकॉर्डिंग झाल्यावर डिस्क फायनलाइज करावी लागते. हस्तलिखिताला अनुक्रमणिका जोडून बांधणी करावी, तसं हे काम. त्याआधी काय कुठे लिहिलंय हे फक्त त्या रेकॉर्डरला माहीत असतं. इतर प्लेअर डिस्क रिकामी आहे किंवा खराब आहे असं सांगतात.

मी सुरुवातीला पाच डिस्क भरून गावाला पाठवल्या होत्या. एकही फायनलाइज केलेली नव्हती. तिकडे कुणालाच काही दिसलं नाही. डिस्क परत येईपर्यंत माझ्याकडचा रेकॉर्डर बिघडला होता. दुसऱ्या रेकॉर्डरने त्या डिस्क ओळखल्या नाहीत आणि सगळ्या कॅसेट पुन्हा चालवाव्या लागल्या. एक फीत त्या दुसऱ्या खेपेला तुटली. तेव्हापासून डिस्क यंत्रातून काढण्याआधी मी हे काम उरकतो.

‘व्हीआर’ नावाचा एक मोडही काही यंत्रांत असतो. त्यात मधले तुकडे गाळणं सोपं जातं, पण अशी डिस्क सगळीकडे चालत नाही. वाटायच्या प्रतीसाठी ‘व्हिडिओ’ मोडच निवडा. विकतच्या काही डिस्क ठराविक देशांतल्या प्लेअरवरच चालतात, तसं प्रदेशाचं बंधन या डिस्कवर नसतं. तरी पाल आणि एनटीएससी (अमेरिका, जपानमधली टीव्ही पद्धत) हा फरक राहतो: पालची डिस्क ज्या देशात एनटीएससी चालतं तिथल्या प्लेअरवर अडू शकते.

## जोडयंत्र घ्यावं का?

एकाच पेटीत व्हीसीआर आणि डिस्क रेकॉर्डर असलेली यंत्रं आकर्षक वाटतात. वायरी नाहीत, एक बटण दाबलं की काम सुरू. तुमच्याकडे व्हीसीआरच नसेल आणि कॅसेट दहा-बाराच असतील, तर हा पर्याय मी नाकारणार नाही. पण त्यातला एक भाग बिघडला की दुसरा असून नसल्यासारखा होतो, आणि खराब कॅसेटसाठी व्हीसीआर बदलून बघण्याची मुभा राहत नाही. एका व्हीसीआरवर लहरणारी फीत दुसऱ्यावर शांत चालते, हा अनुभव वारंवार येतो. म्हणून दोन वेगळी यंत्रं बरी.

हार्ड डिस्क असलेला रेकॉर्डर मात्र काम खरंच सुखाचं करतो. आधी आत उतरवायचं, कोरे भाग कापायचे, मग डिस्कवर पाठवायचं. पुन्हा दाबावं न लागता हे झपाट्याने होतं. धोका एवढाच की ती हार्ड डिस्क आता बरीच वयस्क असणार, आणि अनेक यंत्रांत ती सहजी बदलता येत नाही. तिथे काही साठवून ठेवू नका. त्याच दिवशी बाहेर काढा.

आतला टीव्ही ट्यूनर मात्र हिशेबातच धरू नका. बहुतेक जुन्या यंत्रांचा ट्यूनर अॅनालॉग प्रक्षेपणासाठी बनलेला आहे. अमेरिकेत मोठ्या केंद्रांचं असं प्रक्षेपण जून २००९मध्ये थांबलं, जपानच्या बहुतांश भागात जुलै २०११मध्ये, ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१२मध्ये.

## वापरलेलं यंत्र घेताना

परवडणारं म्हणजे बहुधा वापरलेलंच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण दोन गोष्टींवर मी अडून बसेन.

पहिली गोष्ट, मूळ रिमोट. फायनलाइजचा पर्याय बऱ्याच यंत्रांत मेनूच्या आत असतो आणि तिथे फक्त रिमोटनेच जाता येतं. रिमोट नसलेला स्वस्त रेकॉर्डर म्हणजे भरलेल्या, पण कुणालाच न दिसणाऱ्या डिस्क.

दुसरी गोष्ट, लिहून दाखवणं. विकणारा सहसा एखादी डिस्क चालवून दाखवतो. त्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण वाचायला लेझरची शक्ती कमी लागते, लिहायला कितीतरी जास्त. दमलेला लेझर वाचतो पण लिहू शकत नाही. पिवळ्या पिनेतून पाच मिनिटं रेकॉर्ड करा, फायनलाइज करा आणि ती डिस्क दुसऱ्या प्लेअरवर लावा. एवढं जमलं तर यंत्र धडधाकट आहे. ट्रे अडकत असेल तर आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो, तो बदलता येतो. चालू व्हायला यंत्र फार वेळ घेत असेल, तर वीजपुरवठ्याच्या भागातले कपॅसिटर फुगलेले असू शकतात. तेही दुरुस्त होतं, पण जाणकाराच्याच हातून.

## यूएसबीचं छोटं उपकरण घेतलं तर?

संगणकाला लावायचं यूएसबी उपकरण कदाचित आणखी स्वस्त पडेल, आणि संगणकाची सवय असलेल्याला ते चालेलही. त्यातून मोठ्या बिटरेटने साठवता येतं, हा त्याचा खरा फायदा. पण हलक्या उपकरणांत मधली चित्रं गळतात आणि तासाभराने ओठ आणि आवाज यांची फारकत होते. सॉफ्टवेअर जुळवण्यात आठवडे जातात आणि कॅसेट कपाटातच राहतात. डिस्क रेकॉर्डर याच एका कामासाठी बनलेला असल्याने तिथे हा त्रास क्वचितच होतो. दोन्ही हवं असेल तर रेकॉर्डर मध्ये ठेवून त्यातून सरळ झालेला सिग्नल संगणकाकडे नेता येतो.

## रेकॉर्डर कॅसेट नाकारतो तेव्हा

विकतच्या चित्रपटांच्या कॅसेटमध्ये प्रत काढू नये म्हणून चित्राच्या न दिसणाऱ्या ओळींत मुद्दाम गडबड घातलेली असते. रेकॉर्डर ती ओळखतो आणि थांबतो. ते त्याचं कामच आहे. पण कधीकधी घरची, स्वतः चित्रित केलेली कॅसेटही ‘संरक्षित’ म्हणून नाकारली जाते. फीत इतकी झिजलेली असते की तिच्यातली गडबड तशीच भासते. अशा वेळी फीत एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळा, व्हीसीआरचं ट्रॅकिंग (डोकं फितीवरच्या रेघांवर नीट बसवण्याची सोय) जुळवा, दुसऱ्या व्हीसीआरवर लावून बघा.

## डिस्क झाली, आता?

डिस्क हा शेवटचा मुक्काम धरू नका. रेकॉर्ड करायच्या डिस्कवर सेंद्रिय रंगाचा थर असतो, लेझर त्यावरच लिहितो, आणि ऊन-उष्णतेने तो बिघडतो. डिस्क उभी, अंधारात, डबीत ठेवा. तिच्यावर चिकटपट्टी लावू नका.

मग त्याच आठवड्यात कुणातरी संगणकवाल्याला गाठा. डिस्कमधल्या ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डरमध्ये मोठ्या फाइली असतात. त्या जशाच्या तशा हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायच्या, पुन्हा दाबायच्या नाहीत. त्याची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवायची. फाइलींच्या नावांवरून काही कळत नाही, म्हणून फोल्डरला वर्ष, प्रसंग आणि दिसणाऱ्या माणसांची नावं द्या. ही नावं ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना शेजारी बसवूनच कॅसेट चालवा. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागणारच आहेत, तेवढ्या वेळात ते कोण कोण आहे हे सांगतील आणि तुम्ही लिहून घ्याल.